फुकटचा वकील : पाचपैकी चार तारे

माझं हार्डवेअरचं दुकान आहे. नळ, पाइप, सिंक, गिझर. दुकानाबद्दल लोक काय लिहितात ते मी रोज रात्री वाचतो. ज्याचा नळ गळला तो पानभर लिहितो, ज्याचा नीट चालतो त्याला नळ आठवतसुद्धा नाही. म्हटलं, चाललेल्या मालाबद्दलही कुणीतरी लिहावं. माल म्हणजे इथे वकील. कौटुंबिक न्यायालयातल्या केससाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणानं दिलेला. शहराचं नाव लिहीत नाही, कारण केस चालू आहे आणि भाचीनं दम दिलाय, "मामा, काय लिहायचं ते लिहा, पण नाव-गाव आलं तर तुमच्याशी बोलणार नाही."

भाची २०२३ च्या दिवाळीला पाच वर्षांच्या पोराला घेऊन माहेरी आली ती परत गेली नाही. का, ते तिनं कोर्टात सांगितलंय, इथे नको. जावई कंपनीत कायम. पोरासाठी रुपया पाठवला नाही. दाजी वारल्यापासून ताईकडचं बाहेरचं बघणारा मीच, त्यामुळे वकील शोधायचं काम माझ्याकडे आलं. आणि मी ते ज्या पद्धतीनं केलं, त्या पद्धतीनं कुणी माझ्याकडून टाइल्स घेतल्या असत्या तर मीच त्याला हसलो असतो.

सुरुवात मोबाइलवरून. एका साइटवर ४९९ रुपयांत पंधरा मिनिटं सल्ला. पलीकडचे गृहस्थ सभ्य होते, हिंदीत बोलले, आमच्या कोर्टाचा त्यांचा काही संबंध नव्हता. तीन वेगवेगळ्या केसेस एकदम टाका म्हणाले आणि पॅकेजचा भाव सांगितला. भाची फोन ठेवून म्हणाली, "यांनी मला एकदाही विचारलं नाही की मला काय पाहिजे." एक तारा, तोही ते वेळेवर फोनवर आले म्हणून.

मग खरी चूक. एक बिल्डर माझं जुनं गिऱ्हाईक, त्याचे वकील मला ठाऊक होते. खरेदीखत, साठेखत, सर्च रिपोर्ट, यात माणूस पक्का. मी त्यांनाच धरलं. प्लंबर चांगला म्हणून त्याच्याकडून वायरिंग करून घेण्यातला प्रकार, पण त्या वेळी कळत नाही. टेबलावर काच, काचेखाली देवाचे फोटो, मागे लाल पुस्तकांची भिंत. फाइलचे १५,०००, तारखेला २,५००, आणि कोर्ट फी म्हणून ३,००० वेगळे. पावती मागितली तर म्हणाले, "आपल्यात कसली पावती?" दहा रुपयांचा वायसरसुद्धा मी पक्क्या बिलाशिवाय देत नाही. आणि इथे मान हलवून आलो.

कोर्ट फीचं पुढे कळलं ते इथेच सांगून टाकतो. महाराष्ट्रात १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेनं पोटगी, घटस्फोट आणि अत्याचाराच्या प्रकरणांत बायकांना कोर्ट फी माफ आहे. तेव्हा ते ३,००० कुठल्या फीचे, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

पोटगीचा अर्ज जानेवारी २०२४ मध्ये दाखल झाला. मग नऊ महिने एकच वाक्य ऐकलं : "तारीख पडली." समोरचा आला का? "नाही ना, तारीख पडली." भाची दोनदा रजा टाकून गेली. बाहेरच्या बाकावर बसली, पुकारा झाला, वकीलसाहेबांचा ज्युनिअर आत जाऊन आला आणि म्हणाला, ताई, पुढची तारीख.

ऑक्टोबरात दुकानात एक कोर्टातला कारकून फ्लश टँक बदलायला आला. बोलता बोलता म्हणाला, "सीएनआर नंबर आहे ना? मग वकिलाला कशाला विचारता?" प्रत्येक केसला कोर्टाचा सोळा अक्षर-आकड्यांचा नंबर असतो, आपल्याकडचा एमएचनं सुरू होतो. ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये टाकला की केस कुठल्या टप्प्यावर आहे, कुठल्या तारखेला काय झालं, पुढची तारीख कोणती, सगळं दिसतं. नंबर मिळवायला आम्हाला आठवडा लागला, वकीलसाहेबांच्या ऑफिसात कुणाला सापडेना. शेवटी काउंटरवर उभ्या उभ्या टाकला. नऊ महिन्यांत टप्पा एकच : समन्सची बजावणी. म्हणजे जावयाला केस झाल्याचं कागदोपत्री कळलेलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भाची, तिचं पोर आणि मी कोर्टात. अर्जाची प्रत आमच्याकडे नव्हती, म्हणून नक्कल मागितली. ती हातात आल्यावर आवारातल्या पत्र्याच्या शेडमध्ये एका टायपिस्टच्या बाकावर टेकलो, पुढचा अर्ज टाइप करून घ्यायचा होता. साठी ओलांडलेला माणूस, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. त्यानं नक्कल घेतली आणि पुटपुटत वाचायला लागला. "परिच्छेद नऊ. अर्जदारास सामनेवाला यांच्यापासून दोन मुली असून थोरली इयत्ता सहावीत..." थांबला. चष्म्यावरून आमच्या पोराकडे बघितलं. ते बिस्कीट बुडवायला चहाचा कप मागत होतं.

"हीच का थोरली?"

भाची पहिल्यांदा हसली, मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. कुणा दुसऱ्या बाईचा अर्ज उचलून वर नाव बदललेलं होतं. पाच पानांत तिच्या स्वतःच्या संसाराबद्दल दीड परिच्छेद.

टायपिस्टनं पुढे मागचा कागद बघून सांगितलं, "भत्ता भरलेला दिसत नाही. मग समन्स निघणार कसं?" भत्ता म्हणजे समन्स बजावण्याचा खर्च. किती असतो विचारलं. त्यानं सांगितलेला आकडा मी पुन्हा विचारून घेतला. आमच्या दुकानात तेवढ्यात बरासा शॉवरही येत नाही. तेवढ्यासाठी नऊ महिने.

या टायपिस्टला पाच तारे. टायपिंगचे त्यानं जे घेतले ते घेतलेच, पण उठताना म्हणाला, "ताई, बाईमाणसाला वकील सरकार देतं. वरच्या मजल्यावर विचारा. पगार किती ते बघत नाहीत."

घरी यावर तीन दिवस चर्चा. ताईचं म्हणणं, फुकटचा वकील म्हणजे सरकारी दवाखान्यातली गोळी, ताप कुठला का असेना, तीच. मी तिच्याच बाजूचा होतो. खरं सांगायचं तर मी स्वतः दिवाळीला 'एकावर एक फ्री' लावतो आणि फ्रीमध्ये काय देतो ते मला माहीत आहे. जे तीन वर्षं खपलं नाही ते. भाचीनं आम्हा दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "विकतचा बघितला ना आता?"

प्राधिकरणाचं ऑफिस म्हणजे दोन टेबलं, एक कपाट, भिंतीवर पॅनलवरच्या वकिलांची यादी. मी सवयीनं बोलायला सुरुवात केली. टेबलामागच्या बाईंनी विचारलं, "तुम्ही कोण?" मामा. "मग तुम्ही जरा बाहेर बसा, यांना बोलू द्या." मी बाहेर. आत पंचवीस मिनिटं. एवढा वेळ भाचीला आधीच्या ऑफिसात नऊ महिन्यांत मिळून मिळाला नव्हता.

अर्ज साधा आहे. आधार, रेशनकार्ड, लग्नाचा पुरावा, केसचे असतील ते कागद. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ म्हणतं की स्त्री किंवा मूल असेल तर उत्पन्नाची अट नाही. भाची एका हॉस्पिटलात रिसेप्शनला आहे, १४,००० पगार, तरी चालतं. कुणी विचारलं तर सांगा, तालुक्याच्या कोर्टातही याची समिती असते, आणि १५१०० हा फुकटचा फोन नंबर आहे. यादीतलं एखादं नाव आपल्याला हवं असेल तर सुचवताही येतं. आम्हाला कुणीच माहीत नव्हतं, म्हणून त्यांच्यावर सोडलं.

हो, कौटुंबिक न्यायालयात वकील लागतोच असंही नाही. १९८४ च्या कायद्यानुसार तिथे वकील हक्कानं उभा राहत नाही, कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. ती रोज मिळते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पण समोरच्यानं वकील दिला की आपली पोरगी एकटी उभी करायची हिंमत कुठल्या मामाची होईल?

एकोणीस दिवसांनी पत्र आलं. वकील मॅडम. वय बत्तीस-तेहतीस, स्कूटरवर येतात, फायली कापडी पिशवीत. माझा चेहरा भाचीनं वाचला आणि मला चिमटा काढला.

पहिली अडचण जुन्या वकिलांकडून फाइल सोडवण्याची. ते म्हणाले, १२,००० बाकी आहेत, ते द्या, मग नवा वकील लावायला ना हरकत आणि कागद. माझं डोकं फिरलं. म्हटलं ग्राहक मंचात खेचतो. तिथली वाट मला माहीत आहे, एका गिझरच्या तक्रारीत मी स्वतः तिथे जाबदेणार होतो, हरलोही होतो. मॅडमनी शांतपणे सांगितलं की तो रस्ता बंद आहे. वकिलाच्या सेवेला ग्राहक कायदा लागू नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १४ मे २०२४ ला ठरवलंय. गैरवर्तनाची तक्रार करायची तर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे. म्हणजे गळक्या गिझरला मंच आहे, 'दोन मुलीं'ना नाही. घरी येऊन ही ओळ मी वहीत लिहून ठेवली होती, आज वापरली.

पण दुसरी गोष्टही त्यांनीच सांगितली. फी थकली म्हणून वकिलाला पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं २००० सालीच सांगितलेलं आहे. त्यांनी तेवढंच नमूद करून चार ओळींचं पत्र पाठवलं. चौथ्या दिवशी ज्युनिअर दुकानात आला, प्लॅस्टिकच्या पिशवीत फाइल ठेवून गेला. १२,००० चा विषय परत निघाला नाही.

मग कामं व्हायला लागली तशी आम्हाला सवयच नव्हती. सीएनआर भाचीच्याच मोबाइलमध्ये टाकून दिला. अर्ज दुरुस्त केला, दोन मुली गेल्या, एक मुलगा आला. भत्ता भरला आणि समन्स घरच्या पत्त्याबरोबर कंपनीच्या पत्त्यावरही काढलं. घरचं 'दरवाजा बंद' म्हणून परत आलं, कंपनीतलं लागलं. जावई पुढच्या तारखेला वकिलासकट हजर.

उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र ही सगळ्यात कामाची गोष्ट, आणि आधीच्या फाइलीत ते नव्हतंच. नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ठरवून दिलंय की पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंनी ते द्यायचं. पगार, खर्च, कर्ज, गाडी, विमा, दागिने, सगळं. आम्ही एका रविवारी ताईच्या जेवणाच्या टेबलावर भरायला बसलो. शाळेच्या फीच्या पावत्या, दुधाची वही, पोराच्या दम्याच्या औषधांची बिलं. ताई हळूच म्हणाली, हिचा पगार नका लिहू, पोटगी कमी होईल. दुसऱ्या दिवशी भाचीनं तेच मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "लपवलं आणि पासबुकात निघालं, तर त्यापुढे आपण खरं बोललो तरी खोटं वाटेल. लिहा. चौदा हजारात पोर कसं वाढतं, तेच तर आपल्याला दाखवायचंय." चौदा हजार लिहिले.

जावयाच्या शपथपत्रात मूळ पगार होता, भत्ते आणि ओव्हरटाइम नव्हता. मॅडमनी पगाराच्या स्लिपा मागवण्याचा अर्ज दिला. त्या आल्या तेव्हा आकडा बराच वेगळा निघाला.

मध्ये विवाह समुपदेशकांकडे दोन बैठका झाल्या. कोर्टातच असतात, पैसे लागत नाहीत. समेट झाला नाही, पण पोराला रविवारी भेटायचं दोघांनी तिथेच ठरवलं, आणि जावई आतापर्यंत ते पाळतोय. तेवढं त्याच्या बाजूनं लिहायला हवं.

जुलै २०२५ मध्ये अंतरिम, म्हणजे शेवटचा निकाल लागेपर्यंतच्या, पोटगीचा हुकूम झाला. भाचीला ५,०००, मुलाला ४,०००, अर्ज केल्या तारखेपासून. मागची थकबाकी १,६२,०००, सहा हप्त्यांत. कायद्यात अंतरिमचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली काढा असं म्हटलंय. त्या 'शक्यतो'त आमचे बरेच महिने गेले, पण नऊ महिने समन्स न काढता गेले होते, त्या मानानं मला ही बुलेट ट्रेन वाटली. (आमचा अर्ज जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खालचा. १ जुलै २०२४ पासून नवीन अर्ज करणाऱ्यांना तेच भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली करावं लागतं.)

आता तारा का कापला ते. एकोणीस दिवस वकील ठरायला लागले, त्यात एक तारीख फुकट गेली. मॅडमना स्वतःचं ऑफिस नाही, महत्त्वाचं बोलणं कॉरिडॉरमध्ये, मागे कुणीतरी रडतंय, पलीकडे कुणाचा तरी उलटतपास रंगवून सांगितला जातोय. एका तारखेला त्या दुसऱ्या कोर्टात अडकल्या आणि भाची एकटी उभी राहिली. कोर्टानं तिचं ऐकून घेतलं, पण त्या दिवशी तिचे हात थरथरत होते, ते मी विसरणार नाही. झेरॉक्सचे ६४० रुपये आम्हीच भरले. ते परत मिळतात म्हणे, मी अर्जच केला नाही. संध्याकाळी सातनंतर त्या फोन उचलत नाहीत. याचा मला आधी राग यायचा. मग आठवलं, मी तरी नऊनंतर कुणाच्या गळक्या नळासाठी शटर उघडतो का?

हुकूम झाल्यावर पेढे घेऊन गेलो तर त्यांनी एक उचलला, बॉक्स परत दिला. दुसऱ्या वेळी मी एक चांगल्या कंपनीचा बेसिनचा नळ पिशवीतून नेला. त्या हसल्याच नाहीत. म्हणाल्या, "पॅनलच्या वकिलानं पक्षकाराकडून काही घ्यायचं नसतं, मामा. माझे पैसे प्राधिकरण देतं." किती देतं ते मी विचारलं नाही, पण स्कूटरचं सीट बघितलं की अंदाज येतो. महिन्याभरानं मॅडमच माझ्या दुकानात आल्या, किचनच्या सिंकची जाळी आणि एक कॉक घेतला, भाव केला आणि पक्कं बिल मागितलं. वीस रुपये सोडले ते मी प्रत्येकालाच सोडतो.

तर सध्या असं आहे. जावयानं थकबाकीचे दोन हप्ते भरले, तिसऱ्यापासून बंद. महिन्याचे ९,००० कधी येतात, कधी नाही. वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत करावा लागतो, हे मॅडमनी हुकुमाच्या दिवशीच भाचीला सांगून ठेवलं होतं, म्हणून तिनं प्रत्येक महिन्याची नोंद वहीत ठेवलीय. वही माझ्या दुकानातली, लाल पुठ्ठ्याची. गेल्या सोमवारी अर्ज दाखल झाला. भत्ता मी त्याच दिवशी खिडकीवर उभा राहून भरला, पावती फाइलीत एक आणि वहीत तिची झेरॉक्स.